पणजीचं कोळशातलं चित्र: ती दुःखी आहे की बसून बसून कंटाळली आहे?

उत्तर_कसबा
सोलापुरातलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर पणजीचं कोळशानं काढलेलं चित्र मिळालं. सही नाही, साल नाही. नऊवारी, वर शेला, लांब बाह्यांचं झालरीचं पोलकं, पदराला ब्रोच, नाकात नथ. थाट सगळा समारंभाचा, पण तोंडावर सणासुदीचं काही नाही. नजर जरा खाली. चेहरा पापणीपर्यंत घोटलाय, साडीवर मात्र चार रेघा ओढून सोडून दिलंय. मला वाटतं, घरच्यांना थाट मिरवायचा होता आणि तिला तो नको होता. चित्रकारानं ते हेरलं.

शेंगाचटणी
नाही पटत. जुन्या बाईचं चित्र दिसलं की लगेच "किती सोसलं असेल!" हलू नका म्हणून तासभर बसवलं की कुणाचंही तोंड तसंच होतं. आमच्या आजीचा रेशनकार्डावरचा फोटो बघून अनोळखी माणूस रडेल. गल्लीत तिच्याइतकं खट्याळ कुणी नव्हतं.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
साडी सोडली यात दुःख शोधू नका, कोळशाची रीतच ती. सार्जंट हा अमेरिकी चित्रकार १९०७ च्या सुमारास तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांना विटला आणि कोळशाकडे वळला. दोन-तीन तासांत चेहरा उरकायचा, कपड्यांना चार फटकारे. जरीची नक्षी कोळशात काढायला गेलात तर गिचमिड होते.

उत्तर_कसबा
मग नथीचा एकेक मोती सुटा कसा काढला, मास्तर? तिथे बरा वळला कोळसा!

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
मोती काढत नाहीत, कोळसा टिपून उचलतात. जुने लोक पावाचा मऊ गर वापरायचे. पण हो, मोत्यांना वेळ दिलाय म्हणजे घाई नव्हती. एवढं मान्य.

बाळीवेस
कुंकू काळंकुट्ट आलंय. जुन्या फोटोंत लाल रंग काळाच यायचा. फोटोवरून उतरवलेलं चित्र आहे हे. नजर-बिजर सगळी फोटोग्राफरची.

शेंगाचटणी
अहो, कोळशात हिरवंसुद्धा काळंच येतं.

चाटी_गल्ली
कापडाच्या धंद्यात हयात गेली म्हणून बोलतो. चित्रातलं मला कळत नाही. पण ज्याला तुम्ही "चार रेघा" म्हणताय त्या सरळ आहेत, सारख्या अंतरावर आहेत आणि खांद्यावरून वळतानाही मोडत नाहीत. अंगावरच्या साडीला अशा रेघा पडत नाहीत. त्या घड्या आहेत. साडीची घडी त्याच दिवशी मोडलीय. चित्रकारानं साडी सोडलेली नाही, नेमकं तेवढंच टिपलंय.

उत्तर_कसबा
आत्ता परत बघितलं. खरंच घड्या आहेत. मी उगाच आळस म्हणत होते.

शेंगाचटणी
बघा! कोरी साडी नेसून कोण दुःखी असतं?

उत्तर_कसबा
लग्नात मी होते. पण तुमचं अर्धं ऐकते. दुःखी म्हणणं मागे घेते, अवघडलेली म्हणते.

निवृत्त_ड्रॉइंग_मास्तर
ते राहू द्या, चित्र काचेला चिकटून आहे का? फ्रेमवाल्याला मधे माउंट घालायला सांगा. कोळसा कागदावर नुसता बसलेला असतो, घासला की काचेवर येतो. आणि फडकं अजिबात मारू नका.

उत्तर_कसबा
काचेवर आतून तिची हनुवटी आणि नथ उमटलीय. उद्याच नेते.

चाटी_गल्ली
न्यायच्या आधी काठाचा जवळून एक फोटो टाका. इरकल की पैठणी, बघून सांगतो.