मदत हवी आहे: डिझेल व्हॅनला अलार्म आणि रिमोट स्टार्टर जोडताना वायरी ओळखायच्या कशा?

नमस्कार मंडळी,

सामानाची डिझेल व्हॅन आहे, पाच गियरची, मॅन्युअल. तिला अलार्म आणि रिमोट स्टार्टरचा एकत्र संच बसवायचा आहे. मागे कामाची हत्यारं असतात आणि गाडी रात्री उघड्यावर उभी राहते, म्हणून अलार्म. रिमोट स्टार्टर एवढ्यासाठी, की निघायच्या आधी केबिन बसण्यासारखी व्हावी. संच मॅन्युअल गाडीला चालतो असं त्याच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे, पण गाडीच्या बाजूला कुठली वायर कुठली, हे आपलं आपणच शोधायचं.

घरातली वायरिंग आणि पंपाची कामं मी स्वतः करतो, त्यामुळे मीटर हाताळायची सवय आहे. गाडीच्या वायरिंगला मात्र पहिल्यांदाच हात लावतोय. अजून एकही वायर कापलेली नाही.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं तर आधीच्या मालकाच्या जुन्या अलार्मचं उरलंसुरलं सापडलं. काळी टेप चिकट होऊन ओघळलीय, दोन वायरींवर दाबून बसवायचे ते निळे कनेक्टर तसेच आहेत, आणि एक जाड वायर मधोमध कापून नुसती पिळून जोडलीय. सांधा आतून हिरवा पडलाय.

इग्निशन स्विचच्या मागे मीटरने एकेक वायर तपासली. एकीवर किल्ली काढली तरी १२.५ व्होल्ट, ती बॅटरीची. दुसरीवर किल्ली ऑन केली की व्होल्टेज येतं आणि सेल्फ मारताना १० च्या आसपास उतरतं, पण जात नाही. तिसरीवर ऑनला येतं, सेल्फ मारताना शून्य होतं, इंजिन सुरू झालं की परत येतं. चौथीवर फक्त सेल्फ मारतानाच येतं, आणि हीच ती पिळून जोडलेली. पाचवी दुसरीसारखीच वागते, फक्त बारीक आहे. म्हणजे दुसरी इग्निशन, तिसरी ॲक्सेसरी, चौथी सेल्फची, असं मी धरलंय. पाचवी सोडून दिली तर चालेल का?

सेंट्रल लॉकच्या दोन वायरी सापडल्या. एरवी दोन्हींवर शून्य. लॉकचं बटण दाबलं की एकीवर १२ व्होल्ट, अनलॉकला दुसरीवर. संचाचा पॉझिटिव्ह पल्स (क्षणभर दिलेले १२ व्होल्ट) थेट जोडावा का?

दरवाजांचं असं, की पुढचे दोन्ही आणि मागचा दरवाजा उघडला की एकच वायर अर्थ होते. बाजूचा सरकता दरवाजा उघडल्यावर त्या वायरवर काहीच होत नाही, मागच्या भागातला दिवा मात्र लागतो. हे सध्या तसंच ठेवून पुढे जावं म्हणतोय.

किल्लीत चिप आहे, ती ओळखल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. तिचं काय करायचं, तेही सांगा. जाणकारांनी मार्गदर्शन करावं ही विनंती.

*

प्रतिसाद:

तुमची ओळख बरोबर आहे. पाचवीही इग्निशनच, दुसऱ्या सर्किटची. ती सोडू नका. सोडलीत तर इंजिन कदाचित सुरू होईल, पण ब्लोअर बंद किंवा डॅशवर भलताच दिवा लागलेला, असं काहीतरी निघतं. संचाला दुसरं इग्निशन आउटपुट असेल तर ते तिथे जोडा, नसेल तर फ्यूज टाकून रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा. दोन्ही वायरी एकमेकींना बांधून मोकळे होऊ नका.

चौथीवरचा सांधा म्हणजे जुन्या अलार्मने सेल्फ तोडण्यासाठी केलेला कट. तो आधी काढा, स्वच्छ तांबं दिसेपर्यंत मागे कापा, सोल्डर करून हीट श्रिंक चढवा. सेल्फ मारताना ह्या वायरीतून बराच करंट जातो, पिळलेला सांधा तापतो. नव्या संचातही सेल्फ तोडायचा रिले असेल तर त्याच जागी टाका: स्विचकडचं टोक रिलेच्या ८७ए क्रमांकाच्या पिनेला, सेल्फकडचं ३० ला. म्हणजे रिलेला वीज नसताना गाडी किल्लीने सुरू होतेच. रिमोटचं सेल्फ आउटपुट सेल्फकडच्या टोकाला जोडायचं. ते स्विचकडे गेलं, तर रिमोटवर डॅश पेटतो, रिले टकटकतात आणि सेल्फ फिरत नाही, कारण रिमोट स्टार्टच्या वेळी तोच रिले मधली वाट तोडून बसलेला असतो. किल्लीने मात्र सगळं ठीक चालतं, त्यामुळे चूक चटकन सापडत नाही.

लॉकच्या वायरींना पॉझिटिव्ह पल्स थेट अजिबात देऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि त्या दोन्ही वायरी ते बॉडी असा रेझिस्टन्स मोजा. जवळजवळ शून्य आला, तर त्या स्विचमधून थेट अर्थवर विसावतात आणि पल्स देताक्षणी शॉर्ट होईल. अशा वेळी प्रत्येक वायर कापून मोटरकडचं टोक ३० ला, स्विचकडचं ८७ए ला आणि फ्यूजमधून आलेले १२ व्होल्ट ८७ ला. काही दहा ओहम दिसले, तर पुढे रिलेची कॉइल आहे, मग थेट पल्स चालेल.

आणि पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरींजवळ मीटरसुद्धा नेऊ नका, त्या एअरबॅगच्या. बल्बवाला टेस्ट लॅम्प तर ह्या सगळ्या कामातून बाजूलाच ठेवा.

*

प्रतिसाद:

वरच्या सगळ्याशी सहमत. पण दादा, तुम्ही जे "तसंच ठेवून पुढे जावं" म्हणताय, ते ह्या कामातलं सगळ्यात धोक्याचं आहे. कळकळीने सांगतोय.

मॅन्युअल गाडीत रिमोट स्टार्टरला गियर दिसत नाही. म्हणून आपण उतरण्याआधी एक ठरलेला क्रम असतो: इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, किल्ली काढली तरी इंजिन चालूच, खाली उतरून दरवाजे बंद, मग इंजिन बंद. संच त्यावरून धरून चालतो, की गाडी न्यूट्रलमध्ये आहे. नंतर एक जरी दरवाजा उघडला, तरी ती खात्री रद्द व्हायला हवी आणि रिमोटने गाडी सुरू होता कामा नये. आता तुमचा सरकता दरवाजा संचाला दिसतच नाही. कुणी तिथून आत गेलं, पुढे हात घालून गियर टाकला आणि तसंच बाहेर आलं, तर संचाच्या लेखी काही घडलंच नाही. तुम्ही दुरून बटण दाबणार आणि गाडी सेल्फवर पुढे झेप घेणार. समोर माणूस असू शकतो.

म्हणून सरकत्या दरवाजाची वायर आधी शोधा, रिमोट स्टार्टर नंतर. मागचा दिवा लागतोय म्हणजे स्विच आहेच, सर्किट वेगळं आहे. त्या दिव्यापासून मागे या.

ब्रेक पेडलची वायर, बॉनेटचा स्विच आणि हँडब्रेक, ह्या तिन्ही जोडण्या ऐच्छिक समजू नका. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो, म्हणून ती वायर डॅशपाशी न घेता लिव्हरच्या स्विचपाशी घ्या. आणि बंद गॅरेजमध्ये उभी गाडी रिमोटने कधीच सुरू करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

*

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. दरवाजाचा हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. आज तेवढंच काम केलं.

मागच्या दिव्याचं कव्हर काढून वायर धरली. सरकता दरवाजा उघडला की ती अर्थ होते, बंद असताना १२ व्होल्ट. पुढच्या दरवाजांच्या वायरीशी तिचा काही संबंध नाही. संचाला दरवाजासाठी निगेटिव्ह इनपुट (वायर अर्थ झाली की कळणारं) एकच आहे. दोन्ही वायरी एकत्र बांधल्या तर कुठलाही दरवाजा उघडल्यावर दोन्हीकडचे दिवे लागतील, म्हणून थांबलोय.

लॉकच्या वायरींचा रेझिस्टन्स शून्याच्या आसपासच आला. थेट पल्स दिला असता तर फ्यूज गेलाच असता. आता रिले आणतो.

*

प्रतिसाद:

दोन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे) लावा, १एन४००७ पुरे. दोन्हींची पट्टी नसलेली टोकं एकत्र करून संचाच्या इनपुटला, आणि पट्टीकडचं एकेक टोक एकेका दरवाजाच्या वायरीला. मग दिवे आपापले राहतात आणि संचाला सगळे दरवाजे दिसतात. हाच डायोड इंडिकेटरला मात्र वापरू नका. तो एक अँपिअरचा, आणि २१ वॅटचे दोन बल्ब एका बाजूला असले तरी साडेतीन अँपिअर होतात. तिथे डाव्या-उजव्याला वेगवेगळे रिले.

चिपसाठी बायपास मॉड्यूल लागेल, म्हणजे रिमोटने सुरू करताना किल्लीची चिप जवळ आहे असं गाडीला भासवणारा डबा. जादा किल्ली किंवा तिची चिप डब्यात ठेवून किल्लीभोवतीच्या अँटेनाला कॉइल लावायची, हा एक प्रकार. त्यात चालणारी चिप कायम गाडीतच राहते. तुम्ही चोरीच्या भीतीने अलार्म बसवताय, तेव्हा तुमच्या गाडीसाठी डेटा वायरवर (गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणाऱ्या) चालणारं मॉड्यूल मिळत असेल तर तेच घ्या.

डिझेलचं एक सांगायचं राहिलं. ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत सेल्फ लागू नये, म्हणून संचात थांबण्याची वायर किंवा ठरावीक सेकंदांची सेटिंग असेल ती वापरा. इंजिन सुरू झालं हे ओळखायला टॅकोचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) सिग्नल लागतो, तो पेट्रोल गाडीसारखा इंजेक्टरवरून घेऊ नका. कॉमन रेल डिझेलच्या इंजेक्टरवर बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज असतं. अल्टरनेटरला डब्ल्यू टर्मिनल असेल तर तिथून घ्या, नसेल तर डेटा मॉड्यूलमधून मिळतो का पाहा.

सगळं झालं की पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चाकांना लाकडी ओंडके लावून. रिमोटने सुरू केलेलं इंजिन चालू असताना बॉनेट उघडून बघा, मग ब्रेक दाबून बघा: दोन्ही वेळा इंजिन बंद पडलं पाहिजे. त्यानंतर वरचा न्यूट्रलचा क्रम करा, सरकता दरवाजा एकदा उघडून बंद करा आणि रिमोटचं बटण दाबा. सेल्फ फिरता कामा नये.