क्रोएशियात आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घेतोय, आईला घेऊन जमेल का?

कोथरूडचा_भटक्या:
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो, त्याने सप्टेंबरमध्ये क्रोएशियात स्प्लिटहून शिडाची बोट घेऊन आठवडाभर बेटं फिरायचा घाट घातलाय. आम्ही सात जण, त्यात आई आहे (वय 64, गुडघे दुखतात) आणि सहा वर्षांची भाची. भावाने तिकडे एका तळ्यावर शिडाच्या बोटीचा कोर्स केलाय, त्यामुळे तो म्हणतो स्किपर (बोट चालवायला पैसे देऊन घेतलेला कप्तान) कशाला, आपणच चालवू, तेवढेच पैसे वाचतील. मी आजवर गेटवेहून मांडव्याला लाँचने गेलोय, बाकी समुद्राचा अनुभव शून्य. मला आईचं टेन्शन आहे, ती हो म्हणालीय पण आमच्या हौसेखातर म्हणालीय असं वाटतं. कोणी गेलंय का? स्किपर घ्यावा का, आणि आईला झेपेल का, खरं सांगा.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
दोनदा गेलोय त्याच भागात, दोन्ही वेळा सप्टेंबर. आधी मुद्द्याचं सांगतो, पहिल्या खेपेला स्किपर घ्याच. तळ्यावर बोट चालवणं आणि संध्याकाळी पाच वाजता गर्दीच्या बंदरात बारा मीटरची बोट उलटी आत घालणं यात फार फरक आहे. तिकडे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, मागची बाजू धक्क्याकडे करून रिव्हर्समध्ये घालतात, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या बोटी हातभर अंतरावर. मग धक्क्यावरचा माणूस पाण्यातून एक दोर उचलून देतो, तो हातात धरून पुढच्या टोकापर्यंत पळत न्यायचा आणि ताणून बांधायचा. त्या दोराला शेवाळ आणि बारीक शिंपले चिकटलेले असतात, पहिल्या दिवशी मी हातमोजे न घालता धरला आणि तळहात असा कापला की आठवडाभर मीठपाणी लागलं की झोंबायचं. बरं त्यात वारा बाजूने असला तर बोट हाताबाहेर जाते, आणि बोटीला काही लागलं तर डिपॉझिटमधून कापून घेतात, आमचं डिपॉझिट अडीच हजार युरो होतं.

आता वाऱ्याचं. उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून माएस्त्राल येतो, आपण शाळेत शिकलो तेच खारे वारे, अकरा-बाराला सुरू होतात आणि सूर्य मावळताना पडतात, हा वारा म्हणजे सुख. पण बुरा आणि युगो हे दोन वेगळे. बुरा डोंगरावरून ईशान्येकडून कोसळतो, आकाश निरभ्र असतानाही, आणि झोत फार जोराचे. युगो आग्नेयेकडून येतो, एकदम नाही येत, एक-दोन दिवस हवा दमट होते, ढग येतात, लाटा वाढत जातात. दुसऱ्या खेपेला आम्ही ह्वार बेटासमोरच्या पाक्लेनी बेटांत विनोग्रादिश्चे नावाच्या खाडीत बोयाला (पाण्यात तरंगणाऱ्या, तळाशी बांधलेल्या गोळ्याला) बोट बांधून होतो, पाणी काचेसारखं, जेवण मांडलेलं, आणि स्किपर म्हणाला उठा, निघायचंय. आम्ही वैतागलो. ती खाडी दक्षिणेला उघडी आहे, युगोत तिथे रात्रभर बोट डोलते. त्याने बेटाला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला पाल्मिझानाच्या मरिनात (बोटी लावायच्या बंदरात) नेली. तिथे आम्ही गाढ झोपलो, आणि सकाळी टेकडी ओलांडून चालत मागच्या खाडीकडे गेलो (दहा मिनिटांची वाट आहे) तर तिथे राहिलेल्या बोटी दोन्ही अंगांवर झुलत होत्या. आपल्यापैकी कोणाला हे आदल्या संध्याकाळी कळलं नसतं. एक गोष्ट मात्र सोपी, कोकणासारखी भरती-ओहोटी तिकडे नाही, पाणी फूटभर वर-खाली होतं, त्यामुळे रात्री बोट चिखलात बसायची भीती नाही.

श्टुटगार्टवाली:
भावाला विचारा त्याच्याकडे लायसन्स नक्की कुठलं आहे. जर्मनीतलं नुसतं बिनेन असेल तर ते नदी-तळ्यांपुरतं, समुद्रावर चालत नाही, त्याला ‘से’ नावाचं समुद्राचं लायसन्स लागतं. शिवाय क्रोएशियात रेडिओचं वेगळं सर्टिफिकेटही मागतात, ते विसरून लोक थेट बोटीपाशी पोचतात आणि मग ऐनवेळी स्किपर शोधत बसतात. स्किपर घेतलात तर हे कागद त्याचे, तुमचे फक्त पासपोर्ट नंबर क्रू लिस्टमध्ये जातात. व्हिसाचं म्हणाल तर 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा पुरेल. पण त्याच ट्रिपमध्ये मॉन्टेनेग्रोत डोकावायचा विचार असेल तर तो शेंगेनबाहेर आहे, आधीच ठरवा.

अजून एक, सात जण अधिक स्किपर म्हणजे आठ डोकी. स्किपरला झोपायला जागा आणि जेवण आपणच द्यायचं असतं, त्यामुळे चार केबिनच्या बोटीत कोणीतरी मधल्या बाकावर झोपणार. पाच केबिनची बघा. भाडं शनिवार ते शनिवार असतं पण बोट शुक्रवारी संध्याकाळीच परत आणावी लागते, म्हणजे फिरायला खरे सहाच दिवस मिळतात. त्यावर साफसफाई, डिझेल, मरिनाचं भाडं वेगळं.

माहेर_अलिबाग:
आईबद्दल मी सांगते, मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या 67 च्या. चालताना त्रास नाही झाला, त्रास झाला चढ-उतरताना. धक्क्यावरून बोटीवर यायला एक अरुंद फळी टाकतात, तीही हलते, आणि बोटीच्या आत उतरायला चार-पाच उभ्या पायऱ्या, त्या उलटं तोंड करूनच उतरायच्या. पहिल्या दिवशी त्या फळीवर अर्ध्यात थांबल्या, माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तिसऱ्या दिवशी एकट्या उतरून ब्राच बेटावर मिल्ना गावात पाव आणायला गेल्या. गुडघे फारच दुखत असतील तर कॅटामरान (जोडतळाची रुंद बोट) बघा, डोलते कमी आणि पायऱ्या सोप्या, पण भाडं बरंच जास्त आणि मरिनातही जास्त पैसे घेतात.

संडास हातपंपाचा असतो, त्यात टिश्यूसुद्धा टाकायचा नाही, हे आईंना पहिल्याच दिवशी शांतपणे दाखवा, नाहीतर त्या संकोचून पाणी पिणं कमी करतात, सासूबाईंनी तेच केलं होतं आणि डोकं दुखायला लागलं. ॲवोमीन द्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर नाही. भाचीसाठी तिच्या मापाचं लाइफ जॅकेट आणि कडेची जाळी बुकिंग करतानाच मागा. भाजणी न्या. बोट कलली तरी शेगडी झुलून सपाटच राहते म्हणून काही सांडत नाही, नांगर टाकल्यावर थालीपीठं मस्त होतात.

कोथरूडचा_भटक्या:
खूप आभार सगळ्यांचे. भावाशी बोललो, त्याच्याकडे बिनेनच आहे, त्यामुळे स्किपरवर शिक्कामोर्तब. आता तो म्हणतोय व्हिस बेटावर जायचंच. आईला घेऊन तेवढं लांब जावं का?

दर्यावर्दी_रत्नागिरी:
जा, पण तारीख बांधू नका. व्हिसवर युगोस्लाव्ह लष्कराचा तळ होता, 1989 पर्यंत परदेशी माणसाला पाऊल टाकू देत नव्हते, म्हणून ते बेट अजून शांत राहिलंय, आईंना ह्वारच्या गर्दीपेक्षा तेच आवडेल. पहिल्या दिवशी मिल्ना, दुसऱ्या दिवशी पाल्मिझाना, आणि तिथून हवामानाचा अंदाज चांगला असला तरच व्हिस, सकाळी लवकर निघून वारा चढायच्या आत पोचायचं. स्किपर नको म्हणाला तर ह्वारलाच स्तारी ग्रादकडे वळा, ती खाडी लांब आणि आत शिरलेली आहे. फक्त भावाला आत्ताच सांगून ठेवा की शेवटचा शब्द स्किपरचा.