हॉलिवूडची अभिनेत्री थेल्मा रिटर: सहा नामांकनं, ऑस्कर एकदाही नाही. अन्याय, की सहायक भूमिका हीच तिची जागा?

अनघा: काल 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (1953) परत पाहिला. थेल्मा रिटरची मो टाय विकते, पाकीटमारांच्या खबरा पोलिसांना विकते आणि पै-पै साठवते ती स्वतःच्या थडग्यासाठी. बेवारशी म्हणून पुरलं जाऊ नये, एवढीच इच्छा. मारेकरी खोलीत येतो तेव्हा ग्रामोफोनवर तबकडी चालू असते. ती पळत नाही, गयावया करत नाही. फार दमलेय, एवढंच सांगते. कॅमेरा तबकडीकडे वळतो आणि गोळीचा आवाज येतो. मला पुढे लगेच बघवेना.

त्या वर्षी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर डोना रीडला मिळालं. रिटरला सहा नामांकनं मिळाली, सगळी सहायकचीच. हॉलिवूडने ही बाई वाया घालवली. 'द मेटिंग सीझन'मध्ये (1951) मुलाच्याच घरात स्वयंपाकीण बनून राहणारी आई आहे ती, सगळी गोष्ट तिच्यावर उभी. तरी श्रेयनामावलीत नाव नायिका जीन टियर्नीच्या खाली!

श्रीकांत: वाया घालवली हे अजिबात पटत नाही. 1947 मध्ये पडद्यावर आली तेव्हा ती 45 वर्षांची होती. 'मिरॅकल ऑन 34थ स्ट्रीट'मध्ये मुलासाठी खेळणं शोधून थकलेली आई, श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. तिथून तीन वर्षांत ऑस्करचं नामांकन. ज्या वयात नायिकांना काम मिळेनासं होतं, त्या वयात हिची सुरुवात झाली.

आणि 'रिअर विंडो'तली नर्स आठवा. शेजाऱ्याने बायकोचा खून केला असा संशय असलेल्या नायकासमोर, जेम्स स्ट्यूअर्टसमोर, नाश्ता ठेवते आणि त्या शेजाऱ्याने तिचे तुकडे कुठे केले असतील याचा विचार मोठ्याने करू लागते. न्हाणीघरातल्या टबात, रक्त तिथेच धुता येईल! त्याचा घास तोंडातच अडतो. हे नायिकेला करू दिलं असतं का कुणी?

विनया: श्रीकांत, वयाचं मान्य. पण 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये नटीच्या घरात शिरलेल्या महत्त्वाकांक्षी ईव्हचं पाणी सगळ्यात आधी ओळखते ती रिटरने केलेली मदतनीस बर्डी, आणि उत्तरार्धात हीच बर्डी जवळजवळ दिसत नाही. जिला सगळं कळलंय तिलाच बाजूला सारलं. रंगभूमीने मात्र 1958 मध्ये 'न्यू गर्ल इन टाउन'साठी तिला संगीतिकेतल्या मुख्य अभिनेत्रीचा टोनी, म्हणजे ब्रॉडवे नाटकांचा मोठा पुरस्कार, दिला, ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून. म्हणजे मोठी भूमिका पेलायची ताकद होतीच.

श्रीकांत: ताकदीबद्दल वाद नाहीच, आणि 'मेटिंग सीझन'चं म्हणाल तर तिथे अन्याय झाला, मान्य. पण मो पूर्ण चित्रपटभर पडद्यावर असती तर तिचं मरण इतकं लागलं असतं का? ती थोडा वेळच भेटते, म्हणून चटका बसतो.

अनघा: मला तर उलट वाटतं. ती गेल्यावर पाकीटमार नायक, म्हणजे रिचर्ड विडमार्क, बेवारशांच्या बोटीवरून तिची शवपेटी सोडवून घेतो, नीट पुरायला. त्या वेळी तो तिच्यासाठी धावतोय हे पटतं, कारण तोवर चित्रपट तिचा झालेला असतो.