गुप्तपणे द्यायचं, पण कसं?

‘नाव लपवलं तरी घेणाऱ्याला कळतंच, मग मत्तय ६:३ पाळायचं कसं?’ या प्रश्नाबद्दल थोडं. बायबलमधलं हे वचन सांगतं की दान देताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये.

त्या वचनाचा रोख हिशेबावर नाही, दिखाव्यावर आहे. चर्चच्या खजिनदाराने नोंद ठेवणं, पावती देणं यात काही वावगं नाही. बायबलमधल्याच १ करिंथ १६:२ प्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी रक्कम आधीच बाजूला काढावी, म्हणजे समोरच्याचा चेहरा बघून आकडा बदलत नाही. मग ती गरजूंच्या सामायिक निधीत टाकावी. ‘अमक्यालाच द्या’ अशी अट घातली की लहान चर्चमध्ये नाव हमखास फुटतं.

गडबड होते ती नंतर. ‘मिळाले ना पैसे?’ हा साधा वाटणारा फोन म्हणजे बहुतेक वेळा आभारांची वसुलीच! पोचल्याची खात्री खजिनदाराकडून करावी, घेणाऱ्याकडून नाही.

लूक १७ मध्ये येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परतला. ‘बाकीचे नऊ कुठे आहेत?’ असं येशूने विचारलं खरं, पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. कृतघ्नता खटकणारच, तेवढ्यावरून पुढची मदत मात्र आखडू नये.