प्रशिक्षण केंद्रातली थेरपी: फोन करण्याआधी

थेरपी शिकणारे विद्यार्थी जिथे प्रत्यक्ष थेरपी देतात, अशा प्रशिक्षण केंद्रात जायचं म्हटलं की "शिकाऊ थेरपिस्ट आपल्यावर प्रयोग करतील" अशी भीती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. पण तिथे प्रत्येक केसवर विद्यार्थ्यासोबत अनुभवी पर्यवेक्षकाचीही नजर असते. शिवाय विद्यार्थ्याकडे केसेस मोजक्या असतात, त्यामुळे बहुतेक जण तयारी करून येतात.

पर्यवेक्षणासाठीच सेशन अनेकदा रेकॉर्ड होतात. संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा: रेकॉर्डिंग कोण बघणार, कधी पुसणार? नकार दिल्यास काही केंद्रं घेतच नाहीत, म्हणून हे पहिल्या फोनवरच विचारलेलं बरं.

मला खरी अडचण वाटते ती शैक्षणिक वर्षाची. जागा सहसा सत्र सुरू होताना मोकळ्या होतात, तेव्हाच फोन करा. वर्ष संपलं की विद्यार्थी पुढे जातो आणि मन मोकळं होऊ लागलेलं असतानाच थेरपिस्ट बदलतो. हे फार जड जातं. "तुम्ही इथे किती महिने आहात?" हे पहिल्याच भेटीत विचारा. बदल अटळ असेल, तर निरोपासाठी शेवटची दोन-तीन सेशन राखून ठेवायला आणि एक सेशन नव्या थेरपिस्टसोबत एकत्र घ्यायला सांगा.

फी बहुधा उत्पन्नावर ठरते. तीही झेपत नसेल तर स्पष्ट सांगा, पुष्कळदा कमी होते.

औषधं किंवा कोर्टासाठी अहवाल तिथे सहसा मिळत नाही. सुरुवातीच्या मुलाखतीत आत्महत्येचे विचार लपवू नका. केस घेतली नाही, तर कुठे जायचं ते तिथेच लिहून घ्या. जिवाला लगेच धोका असेल, तर प्रतीक्षायादीत न थांबता थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.