एक गोष्ट, दोन मालिका : 'फुलमेटल अल्केमिस्ट'विषयीचे अनुभव

'फुलमेटल अल्केमिस्ट' या जपानी ॲनिमे मालिकेचा विषय निघाला की 'ब्रदरहूड पाहा, जुनी सोडून द्या' हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो, की जुन्या मालिकेविषयी काही सांगायचे असलेला माणूस बहुधा गप्पच बसतो. त्याने गप्प बसू नये म्हणून हा धागा.

किमयेने मेलेल्या आईला परत आणू पाहणाऱ्या एडवर्ड आणि अल्फोन्स या दोन भावांची ही गोष्ट. त्या फसलेल्या प्रयत्नात अल्फोन्सचा देह जातो आणि त्याचा जीव एका चिलखतात राहतो. हिरोमू अराकावा यांची मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००१ मध्ये 'शोनेन गांगान' या मासिकात सुरू झाली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये, म्हणजे कथा जेमतेम सव्वादोन वर्षे चाललेली असताना, बोन्स या स्टुडिओने तिच्यावर ५१ भागांची मालिका काढली. महिन्याला एक प्रकरण या गतीने येणारी कथा दर आठवड्याच्या मालिकेला पुरणार नव्हती, हे उघडच होते. त्यामुळे दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा आणि मुख्य लेखक शो आइकावा यांनी लेखिकेच्या संमतीने निम्म्या वाटेवरून स्वतःचा रस्ता धरला आणि शेवटही स्वतःच लिहिला. पुढे एप्रिल २००९ पासून त्याच बोन्सने, यासुहिरो इरिए यांच्या दिग्दर्शनाखाली, मंगाला धरून ६४ भागांची मालिका नव्याने केली. तीच 'ब्रदरहूड'.

लिहिणाऱ्यांना दोनच विनंत्या आहेत. आपण कोणती मालिका आधी पाहिली ते सांगावे, आणि ज्या प्रसंगाने आपले मत बनले तो प्रसंग सांगावा. दोन्ही मालिकांचे शेवट येथे उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना ते आधी कळायला नको असतील त्यांनी मालिका पाहूनच पुढे वाचावे.

ठाण्याहून

मी पहिली मालिका ॲनिमॅक्स वाहिनीवर, इंग्रजी डबमध्ये पाहिली. तेव्हा मी अकरावीत होतो. केबलवाल्याने वाहिन्यांचे क्रमांक बदलले की ॲनिमॅक्स शोधण्यातच भागाची पहिली पाच मिनिटे निघून जात, आणि चुकलेला भाग पुन्हा मिळण्याची सोय माझ्याकडे नव्हती. म्हणून असेल कदाचित, पण प्रत्येक भाग मनात फार काळ राहत असे.

माझा प्रसंग नीना टकरचा आहे, आणि तो बहुतेकांचा असणार याची मला कल्पना आहे. पहिल्या मालिकेत एडवर्ड आणि अल्फोन्स हे दोघे भाऊ सरकारी किमयागाराच्या परीक्षेच्या तयारीसाठी टकर या किमयागाराच्या घरी राहायला जातात. तिथे ते अभ्यास करतात, त्याची मुलगी नीना आणि तिच्या अलेक्झांडर या कुत्र्याबरोबर खेळतात, ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी एडवर्डचा वाढदिवस साजरा होतो आणि त्याच वेळी ह्यूजच्या मुलीचा जन्म होतो. हे सगळे सहाव्या भागात घडते. सातव्या भागात टकर स्वतःची मुलगी आणि कुत्रा यांचा किमयेने मिळून एकच प्राणी करतो ते कळते, तोवर त्या घराची आपल्याला सवय झालेली असते. 'ब्रदरहूड'मध्ये ओळख, मैत्री आणि घात हे सगळे चौथ्या भागात एकत्रच उरकते. ह्यूजचेही तसेच. पहिल्या मालिकेत तो पंचविसाव्या भागात जातो, दुसरीत दहाव्या. बायकोचे आणि मुलीचे फोटो दाखवून समोरच्याला जेरीस आणणारा हा माणूस जेव्हा टेलिफोनच्या खोक्यात मरून पडतो, तेव्हा आपल्याला किती वाईट वाटावे हे त्याने तोवर आपल्याला किती वेळा जेरीस आणले आहे यावरच अवलंबून असते.

माझा तर्क असा आहे की 'ब्रदरहूड' करणाऱ्यांनी हे अजाणता केलेले नाही. पहिली मालिका संपून पाच वर्षेही झाली नव्हती, पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना नीना आणि ह्यूज पाठ होते, आणि मंगातला पुढचा न दाखवलेला भाग अवाढव्य होता. त्यामुळे सुरुवात भराभर सांगून ते नव्या प्रदेशाकडे निघाले. यात त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, पण ज्याने जुनी पाहिलीच नाही त्याच्या पदरात काय कमी पडते, हे जुनी सोडून द्या म्हणणाऱ्यांनी एकदा पाहावे.

नाशिकहून

मी वरच्या लेखकांच्या अगदी उलट क्रमाने आले. २०२० च्या टाळेबंदीत आठ दिवसांत 'ब्रदरहूड' पाहिली आणि तिच्या बांधणीने थक्क झाले. पहिल्या दहा-बारा भागांत सहज पेरलेली गोष्ट पन्नासाव्या भागानंतर उगवते, शिंग या देशातून आलेला राजपुत्र लिंग आणि छोटी मे, उत्तरेच्या ब्रिग्ज किल्ल्यातली ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग, साधे सैनिक, खाणीतून हाकललेला योकी, असे सगळे जण शेवटच्या दिवशी आपापल्या वाटेने राजधानीत पोचतात आणि कुणाचेही येणे ओढूनताणून आणल्यासारखे वाटत नाही. मला तर नीनाचा भागही घाईचा वाटला नव्हता, कारण तुलना करायला माझ्याजवळ काहीच नव्हते.

वर्षभराने जुनी लावली ती नुसत्या कुतूहलापोटी, आणि पहिले वीस भाग मी जांभया देत पाहिले, हे कबूल करते. तोच प्रसंग, तीच पात्रे, पण रेंगाळलेली. मग होमंक्युलस, म्हणजे माणसासारखे दिसणारे कृत्रिम जीव, कुठून येतात याचा उलगडा झाला आणि मी ताठ बसले. 'ब्रदरहूड'मधले सात होमंक्युलस म्हणजे 'फादर'ने स्वतःतून काढून टाकलेले सात दुर्गुण. त्यांचा जन्म हा खलनायकाचा मामला आहे. जुन्या मालिकेत मात्र मेलेल्या माणसाला परत आणण्याचा कुणी प्रयत्न केला आणि तो फसला की त्या फसलेल्या देहातून होमंक्युलस जन्मतो. म्हणजे प्रत्येक राक्षसामागे कुणाचा तरी शोक आहे. एडवर्ड आणि अल्फोन्स यांनी आईला परत आणायचा जो प्रयत्न केला त्यातून स्लॉथ जन्मली, आईचाच चेहरा घेऊन, आणि शेवटी तिला संपवण्याचे काम एडवर्डच्याच वाट्याला येते. 'ब्रदरहूड'मधला स्लॉथ हा बोगदा खणणारा आळशी धिप्पाड प्राणी आहे. त्याच्याशी चाललेली लढाई उत्तम रेखाटलेली आहे, पण तो मेल्यावर मला काहीच वाटले नाही.

लस्ट या होमंक्युलसचेही सांगण्यासारखे आहे. नव्या मालिकेत मुस्टांग हा लष्करी अधिकारी तिला एकोणिसाव्या भागात जाळून टाकतो, आणि तो भाग मी किती वेळा पाहिला असेन ते सांगत नाही. जुनीतली लस्ट मात्र माणूस होण्याची इच्छा धरते, त्या इच्छेपायी आपल्या बाजूच्यांना सोडते आणि त्यातच संपते. आजही कुणी एकच मालिका सुचवायला सांगितली तर मी 'ब्रदरहूड'च सांगेन. परंतु लस्ट आठवली की मला जुनीच आठवते.

फोंड्याहून

मला कथेपेक्षा आवाजांविषयी लिहायचे आहे. जपानीत एडवर्डचा आवाज पाकु रोमी यांचा आणि अल्फोन्सचा रिए कुगिमिया यांचा, दोन्ही मालिकांत तोच. मुस्टांगचा आवाज मात्र बदलला. इंग्रजी डबमध्ये उलटीच गंमत झाली. पहिल्या मालिकेत अल्फोन्सला ॲरन डिस्म्यूक या खऱ्याखुऱ्या लहान मुलाने आवाज दिला होता, आणि त्या रिकाम्या लोखंडी चिलखतातून येणारा पोरसवदा आवाज ऐकला की आत कोण अडकले आहे हे वेगळे सांगावे लागत नसे. 'ब्रदरहूड' येईपर्यंत तो मुलगा मोठा झाला, आवाज फुटला आणि भूमिका मॅक्सी व्हाइटहेड यांच्याकडे गेली. डिस्म्यूकने नव्या मालिकेत तरुण होहेनहाइमला, म्हणजे अल्फोन्सच्या बापालाच, आवाज दिला. मी तो ऐकताच ओळखला आणि क्षणभर कथा विसरलो.

सांगलीहून

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून माझे लक्ष विन्रीच्या, म्हणजे दोघा भावांच्या बालमैत्रिणीच्या, आईवडिलांवर गेले. रॉकबेल दांपत्य इश्वालच्या युद्धात दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करते आणि तिथेच मारले जाते. दोन्ही मालिकांत त्यांना मारणारा वेगळा आहे, आणि माझ्या मते दोन्हींतला खरा फरक इथे आहे.

जुन्या मालिकेत त्यांना मुस्टांग मारतो. शत्रूवर उपचार करतात म्हणून वरून आदेश येतो आणि तो पाळला जातो. म्हणजे ज्या देखण्या, हुशार अधिकाऱ्यावर आपण इतके भाग प्रेम केले, त्याच्या हातून गणवेशात राहून काय झाले आहे ते आपल्याला अचानक दाखवले जाते, आणि त्याची पुढची सगळी महत्त्वाकांक्षा त्या गोळ्यांच्या सावलीत दिसू लागते. मंगात आणि 'ब्रदरहूड'मध्ये त्यांना स्कार मारतो. त्यांनीच ज्याचा जीव वाचवला तो इश्वाली रुग्ण शुद्धीवर येतो, भावाचा हात आपल्या अंगाला जोडलेला पाहतो, समोर शत्रूचे डोळे पाहतो आणि भान हरपून त्यांना मारतो. शुद्धीवर येताना रुग्ण कसे भांबावतात, कधी हात उगारतात, हे मी पाहिलेले आहे. त्यामुळे हा प्रसंग मला परका वाटला नाही, आणि म्हणूनच तो पाहणे कठीण गेले.

पुढे विन्री स्कारवर बंदूक रोखते आणि तिला ती चालवता येत नाही. बऱ्याच भागांनंतर, उत्तरेत, ती त्याच्या जखमी हाताला पट्टी बांधते. मी तुला क्षमा केलेली नाही, हे ती तेव्हाच स्पष्ट करते, पण आपल्या आईवडिलांनी इथे असते तर हेच केले असते, एवढ्यासाठी बांधते. जुन्या मालिकेतला मुस्टांग राजकीयदृष्ट्या अधिक धारदार आहे हे मला मान्य आहे, तरी अशी पट्टी बांधण्याचा प्रसंग तिच्याजवळ नाही.

नागपूरहून

जुन्या मालिकेचे कौतुक वाचून राहवले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. किमयागारांना दिसणाऱ्या त्या गूढ दाराच्या पलीकडे आपलीच पृथ्वी निघते, पहिल्या महायुद्धातले लंडन दिसते, एडवर्ड शेवटी म्युनिकमध्ये अडकतो, अल्फोन्सला देह मिळतो पण प्रवासाची सगळी आठवण पुसली जाते, आणि मग हे निस्तरण्यासाठी २००५ चा चित्रपट पाहावा लागतो, ज्यात १९२३ चा हिटलरचा फसलेला उठावही येतो! पन्नास भाग ज्या जगाचे नियम समजून घेतले त्या जगातूनच मला शेवटी हाकलून दिले, अशी माझी भावना झाली. डांटे ही खलनायिकाही फार उशिरा उमगते. धाडस आहे, नाही असे नाही, परंतु धाडस म्हणजे शेवट नव्हे.

सैतामाहून

मी नोकरीनिमित्त येथे राहतो आणि मंगा मूळ जपानीत, सावकाश, कोश शेजारी ठेवून वाचली. २७ खंड, १०८ प्रकरणे. एक गोष्ट येथे आल्यावर कळली ती अशी, की 'ब्रदरहूड' हे नाव परदेशासाठीच आहे. जपानीत दोन्ही मालिकांचे नाव 'हागाने नो रेंकिनजुत्सुशी', म्हणजे 'पोलादी किमयागार' असेच. बोलताना लोक वर्षाने किंवा जुनी-नवी असा भेद करतात. 'ब्रदरहूड' या वेगळ्या नावामुळे आपल्याकडे तिला जुनीचा पुढचा भाग समजून सुरुवात करणारे आणि पहिल्या भागात गोंधळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात भर म्हणजे तो पहिला भाग मंगात नाहीच. बर्फाच्या किमयागाराची ती हकिकत मालिकेने स्वतः रचलेली आहे.

म्हणून मला 'रिमेक' हा शब्द येथे थोडा खटकतो. दुसरीने पहिलीला पुन्हा केलेले नाही. दोघींनी मंगाला केले आहे, एकीने ती लिहून होत असताना आणि दुसरीने ती लिहून संपत आली असताना. मंगाचे अखेरचे प्रकरण जून २०१० मध्ये आले आणि मालिका ४ जुलैला संपली, इतके ते जवळजवळ होते.

दोन शेवटांतला फरक मला समतोल विनिमयाच्या नियमात दिसतो. काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे द्यावे लागते, हे दोन्ही भावांचे ब्रीद आहे. अराकावा होक्काइदोमधल्या दूधदुभत्याच्या शेतावर वाढल्या आणि काम केल्याशिवाय खायला नाही ही घरची शिकवण त्या सांगत आल्या आहेत, त्यामुळे हा नियम पुस्तकी वाटत नाही. जुन्या मालिकेत डांटे तो नियमच खोडून काढते. एखाद्याने जीव ओतून अभ्यास केला तरी परीक्षेत तो नापास होतोच की, असे तिचे म्हणणे, आणि मालिका त्याला पूर्ण उत्तर देत नाही. मंगात उत्तर आहे. एडवर्ड भावासाठी आपली किमयाच देऊन टाकतो, परीस न वापरता, आणि त्यानंतर दोघे ठरवतात की दहा घ्यायचे आणि आपल्या पदरचे एक घालून अकरा द्यायचे. शेतावरच्या माणसाला हा हिशेब कळतो. शहरात परीक्षा देत मोठ्या झालेल्या मला डांटेचा कळला होता.

पुण्याहून

मी स्वतः ॲनिमे पाहणारी नव्हे. आठवीतल्या मुलाने 'ब्रदरहूड' पाहायची म्हणून हट्ट धरला, तेव्हा ठाण्याच्या लेखकांचा अनुभव वाचून मी त्याला जुनी आधी पाहायला लावली आणि बरोबर बसले. सुट्टीत रोज दोन भाग. नागपूरच्या लेखकांसारखाच तोही शेवटी चिडला आणि दोन दिवस म्युनिकविषयी प्रश्न विचारत राहिला, ज्यातल्या निम्म्यांची उत्तरे मला इतिहासाच्या पुस्तकात शोधावी लागली.

मग नवी सुरू केली. चौथ्या भागात टकरच्या घराचे दार उघडले, नीना पळत बाहेर आली आणि मुलाने रिमोट उचलून चित्र थांबवले. 'हा तू बघ, मी आलोच,' म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि नळ सोडून भांडी घासायला लागला, जी तो एरवी सांगूनही घासत नाही. मी एकटीने तो भाग पाहिला. मला तो उरकलेला मुळीच वाटला नाही. जे दाखवलेले नव्हते ते सगळे मला आठवत होते.

सध्या आम्ही चौदाव्या भागावर आहोत. ह्यूजच्या भागाला तो उठला नाही, फक्त अंत्यविधीत ह्यूजची मुलगी बोलू लागली तेव्हा त्याने आवाज कमी केला.