कोटा फरशी पुसायला महिन्याचा खर्च कमी कसा करावा?

नमस्कार मंडळी. इंदूरला सुदामानगरात घर आहे. खोल्यांत कोटा, स्वयंपाकघरात टाइल्स. सुगंधी क्लीनरची बाटली महिनाभरही पुरत नाही, कारण मावशी अंदाजानेच बादलीत ओततात. शेजारच्या काकू व्हिनेगर वापरा म्हणतात. चालेल का?

— ताई, कोट्यावर व्हिनेगर, लिंबू अजिबात नको! कोटा म्हणजे चुनखडक. आंबटाने तो झिजतो, पांढुरके डाग पडतात आणि पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत. त्यात बाटलीच्या दसपट पैसे जातील. रोज नुसत्या पाण्याने पुसा, क्लीनर आठवड्यातून दोनदा पुरे. आधी केर मात्र नीट काढायचा, पलंगाखालचासुद्धा. पाणी गढूळ झालं की लगेच बदला.

— सियागंजच्या घाऊक बाजारातून क्लीनरचा 5 लिटरचा कॅन आणा. मावशींच्या हाती कॅन देऊ नका, छोटी बाटली आणि मापाचं झाकण द्या. टाइल्सच्या तेलकटपणाला कोमट पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, मग साधं पाणी.

— ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. मावशींनाही सांगून ठेवा.

— आभार! व्हिनेगर रद्द. झाकणाचं माप आजच दाखवते.